मुलाच्या वतीने बोलणं ही अमानत आहे: ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांनी समजून घ्यावं असं काही

दवाखान्यात डॉक्टर मुलाकडे बघून विचारतात, "बेटा, नाव काय तुझं?" उत्तर अम्मी देते. "पोटात दुखतंय का?" उत्तर अब्बा देतात. शाळेत बाई विचारतात, "हा असा कानावर हात ठेवून का बसतो?" शादीच्या हॉलमध्ये एखादी खाला विचारते, "अजून बोलायला लागला नाही का?" प्रत्येक वेळी प्रश्न मुलाबद्दल असतो आणि उत्तर घरच्यांना द्यावं लागतं. ज्या घरात ऑटिझम असलेलं मूल आहे, त्या घराला हे रोजचंच.

यात गैर काही नाही. मुलाला स्वतःचं सांगता येत नसेल तर आई-वडिलांनी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? पण आपण जे बोलतो त्यावरच मुलाचं औषध ठरतं, शाळा ठरते, उद्या त्याच्या नावावरचा पैसा आणि कदाचित निकाहसुद्धा ठरतो. म्हणून हा बोलण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो, तो कुठपर्यंत चालतो आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर त्याचं काय होतं, हे प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं.

आधी गैरसमज दूर करू

ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला, जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. तो संसर्गाने होत नाही. मूल उशिरा बोलतं किंवा बोलतच नाही, नजरेला नजर देत नाही, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतं, ठरलेल्या गोष्टीत बदल झाला की बिथरतं. काहींना आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श सहन होत नाही. काही मुलं भरपूर बोलतात, अभ्यासात हुशार असतात, पण समोरच्याच्या मनातलं ओळखणं त्यांना जड जातं. सगळी मुलं एकसारखी नसतात. मुलींमधला ऑटिझम बऱ्याचदा लक्षातच येत नाही, कारण "पोरगी शांत आहे, लाजाळू आहे" म्हणून सोडून दिलं जातं.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. सरकारी कागदावर हाच शब्द दिसेल. पण या शब्दाने एक चुकीचं चित्र उभं राहतं, की मूल स्वतःतच गुंग आहे, त्याला कुणाची गरज नाही. खरं तर अनेक मुलांना माणसं हवी असतात, फक्त जवळ कसं यायचं आणि सांगायचं कसं, हे जमत नाही.

लसीमुळे ऑटिझम होतो, ही समजूत १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एका लेखामुळे पसरली. त्या लेखातल्या गैरप्रकारांची चौकशी झाली आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध नाही. तसंच "नजर लागली", "असर झाला" म्हणून वर्षानुवर्षं एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जी वर्षं जातात, ती मुलाच्या शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं असतात. दुआ जरूर करावी. पण दुआ करताना स्पीच थेरपीची तारीख चुकवू नये.

आई-वडील बोलले म्हणून जग बदललं

१९४३ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि ऑटिझमला वैद्यकात नाव मिळालं. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं दोष आईवर ढकलला गेला. आई फ्रिजसारखी थंड असते, माया लावत नाही, म्हणून मूल असं होतं, असं मोठे मोठे तज्ज्ञ सांगत होते. ब्रुनो बेटलहाइम यांचं १९६७ चं पुस्तक याच विचाराचं होतं. "आईनेच लाडावला", "आई मोबाईल देते म्हणून बोलत नाही" असं आपल्याकडे सुनेला ऐकवतात ना, तोच प्रकार.

हे खोडून काढायला पालकच पुढे आले. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवलं की कारण आईच्या मायेत नसून मेंदूच्या जडणघडणीत आहे. ब्रिटनमध्ये १९६२ साली पालकांनी मिळून संस्था काढली. त्यात डॉक्टर लोर्ना विंग होत्या, त्याही अशाच मुलीच्या आई. आपल्या देशात १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली.

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये ठरवला. तो ठराव कतार या देशाने मांडला होता, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं.

मात्र १९९० नंतर आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला, ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांचा. १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी पालकांसमोर आपलं म्हणणं मांडलं. ते स्वतः ऑटिस्टिक. त्यांचा मुद्दा असा होता की तुम्ही मनात ज्या मुलाचं स्वप्न पाहिलं ते आलं नाही म्हणून रडता, पण जे मूल आलं आहे ते तुमच्यासमोर उभं आहे आणि त्याला तुमची गरज आहे. पालकांना हे लागलं, पण विचार करायलाही लागलं. तेव्हापासून एक प्रश्न कायम आहे: पालक बोलतात ते मुलाचं म्हणणं असतं, की पालकांचं स्वतःचं दुःख?

वलीने कसं बोलावं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. कुरआनमधली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाच्या लिखापढीबद्दल आहे. त्यात सांगितलं आहे की ज्याच्यावर देणं आहे तो समजेने कमी असेल, दुर्बल असेल किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नसेल, तर त्याच्या वलीने सांगावं, पण अदलने, म्हणजे इन्साफाने. बोलू न शकणाऱ्याच्या वतीने बोलायला परवानगी आहे, आणि त्याच वाक्यात अटही आहे.

सूरह निसाच्या पाचव्या आणि सहाव्या आयतीत हाच धागा पुढे जातो. ज्यांना व्यवहार कळत नाही त्यांच्या हाती मालमत्ता सोपवू नका, पण त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी नीट, भल्या शब्दांत बोला. यतीम मुलांना पारखत राहा, समज आली की त्यांचं त्यांना परत करा, साक्षीदार ठेवून. म्हणजे वली हा मालक नव्हे. मुलाची समज जितकी वाढेल तितकं वलीने मागे सरायचं.

'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग येतो. मदीनेत एक स्त्री होती, तिच्या अक्कलमध्ये काहीसा फरक होता. तिने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना म्हटलं, मला तुमच्याशी काम आहे. प्रेषितांनी (सल्ल.) तिला सांगितलं की तुला हवी ती गल्ली तू ठरव, आणि तिथे थांबून तिचं पूर्ण ऐकून घेतलं. "घरातल्या कुणाला तरी पाठव" असं म्हटलं नाही. कुठे बोलायचं हेही तिलाच ठरवू दिलं.

न बोलणारं मूलही सांगत असतं

इन्साफाने बोलायचं तर आधी मूल काय म्हणतंय ते कळायला हवं. हात धरून फ्रिजकडे ओढून नेणं हे सांगणं आहे. ताट सरकवणं हा नकार आहे. लग्नाच्या बँडसमोर जमिनीवर लोळणं हा हट्टच असेल असं नाही, "मला हा आवाज सोसत नाही" हेही त्यातून सांगितलेलं असू शकतं. अचानक डोकं आपटायला लागलेल्या मुलाचा कान किंवा दात दुखत असू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, मग वागणुकीबद्दल बोलावं.

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, त्याआधी काय घडलं होतं, मूल कशाने शांत झालं. महिनाभरात त्यातून मुलाची 'भाषा' दिसू लागते. डॉक्टरांपुढे "खूप त्रास देतो हो" यापेक्षा "आठवड्यात चार वेळा जेवणानंतर रडतो आणि पोट दाबतो" हे बोलणं मुलाच्या जास्त कामाचं.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांची कार्डं, खाणाखुणा आणि मोबाईल-टॅबवरचे ॲप असतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. चित्रं वापरली तर मूल बोलायचंच सोडून देईल, ही भीती अनेक घरांत असते. ती अनाठायी आहे. सांगण्याचा एक मार्ग मिळाला की मुलाची चिडचिड कमी होते, आणि काही मुलांच्या तोंडून शब्दही येऊ लागतात.

भाषेबद्दलही एक गोष्ट. आपल्या घरांत उर्दू, दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, थेरपीत इंग्रजी असं चालतं. "घरची भाषा बंद करा, एकच भाषा ठेवा" असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. आजवरचे अभ्यास सांगतात की दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं नुकसान होत नाही. ज्या भाषेत दादी गोष्ट सांगते ती भाषाच बंद केली तर मूल दादीलाही मुकतं. थेरपिस्टला घरातले रोजचे वीस-पंचवीस शब्द लिहून द्या: पानी, भूक, बस, नको, दुखतंय. तेच शब्द कार्डांवर येऊ द्या.

हात आपला, शब्द कुणाचे?

१९९० च्या सुमारास परदेशात एक पद्धत खूप गाजली. न बोलणाऱ्या मुलाचा हात मोठ्या माणसाने धरायचा आणि त्याच्याकडून अक्षरपाटीवर टाइप करून घ्यायचं. मुलं एकदम सुंदर वाक्यं लिहू लागली. आई-वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. मग तपासणी झाली. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं. पाटीवर उतरलं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. त्या माणसाला कळतही नव्हतं की शब्द आपलेच आहेत. जगभरातल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनांनी या पद्धतीविरुद्ध इशारा दिला आहे. आजही नाव बदलून अशा पद्धती विकल्या जातात, म्हणून सावध राहा.

यातला धडा प्रत्येक घराला लागू आहे. प्रेमापोटी आपण मुलाच्या तोंडी आपले शब्द घालतो. "त्याला नवीन कपडे आवडतात", "तिला पाहुणे आवडतात". खरंच आवडतात का? दोन वस्तू समोर ठेवा, थांबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मुलाला निवडू द्या. सकाळची बिस्किटं कोणती, अंगात कुर्ता कोणता, इथून सुरुवात होते. ज्याला लहानपणी बिस्किट निवडू दिलं नाही, तो मोठेपणी काहीच निवडू शकणार नाही.

"नको" म्हणता आलंच पाहिजे

ही बाब सुरक्षेची आहे. जे मूल सांगू शकत नाही, त्याच्याशी वाईट वागणाऱ्याला वाटतं की हे कुणाला कळणार नाही. म्हणून प्रत्येक मुलाकडे "नको" आणि "दुखतंय" यासाठी कार्ड किंवा खूण असायलाच हवी. नकोशी पप्पी, नकोसं मांडीवर बसणं, हे सख्ख्या नातेवाइकालाही नाकारायचा हक्क मुलाला द्या.

काही घडल्याची शंका आली तर 'इज्जत जाईल' म्हणून गप्प बसू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो. पोलीस गणवेशात नसावेत आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असावं, अशी तरतूद आहे. मुलाची बोलण्याची पद्धत समजणाऱ्या व्यक्तीची किंवा स्पेशल एज्युकेटरची मदत न्यायालयही घेऊ शकतं. म्हणजे "त्याला बोलता येत नाही, तक्रार कशी करणार?" हे कारण कायद्याला मान्य नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. इथे आपण खुणा समजावून सांगू शकतो, पण जे मुलाने सांगितलं नाही ते आपल्याकडून जोडायचं नाही. जोडलेलं एक वाक्य अख्खी केस बिघडवू शकतं.

शाळेत आणि सरकारी कागदांवर

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहेत, त्यात ऑटिझम आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि त्यासोबत यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी दिव्यांग मुलंही अर्ज करू शकतात. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आहे आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात येतो.

"लोक काय म्हणतील" म्हणून प्रमाणपत्र न काढणारी घरं कमी नाहीत. विशेषतः मुलगी असेल तर "पुढे रिश्ता येणार नाही" म्हणून कागद लपवले जातात. इथे आपण मुलीच्या वतीने गप्प बसतो, आणि त्याची किंमत ती भरते.

१८ व्या वाढदिवसाला काय बदलतं?

बहुतेक पालकांना हे माहीत नसतं. शरीअतमधल्या बालिगपणाचा हिशेब वेगळा, पण बँक आणि कोर्टासाठी वय १८. त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत तुमचं मूल प्रौढ आहे. त्याच्या नावावरचं खातं, जमिनीचा कागद, यावर "मी वडील आहे" म्हणून सही चालत नाही.

त्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व अशा चौघांसाठी तो आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही समितीत असते. आई-वडील किंवा नातेवाईक तिथे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांसाठी सारखाच आहे. वडील हयात नसतील तर आईला अर्ज करता येतो.

हे पालकत्व म्हणजे मोकळं रान नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. दुर्लक्ष किंवा अफरातफर झाली तर पालकाला काढता येतं. साक्षीदार ठेवून हिशेब करा, असं जे आपण वर वाचलं, तेच इथे कायद्यात दिसतं.

ज्या तरुणाला थोड्या मदतीने स्वतःचं ठरवता येतं, त्याच्यासाठी २०१६ च्या कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे. एखाद्या ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीची इच्छा विचारून दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. सगळ्यांनाच पूर्ण पालकत्वाची गरज नसते. अर्ज करण्याआधी आपल्या मुलाला काय काय जमतं याची प्रामाणिक यादी करा.

वाटा आणि निकाह

"त्याला काय करायचाय वाटा? आम्ही सांभाळतोच आहोत ना!" हे वाक्य वारसाच्या बैठकीत ऐकू येतं. वारशात ठरलेला हिस्सा दिव्यांगत्वामुळे कमी होत नाही. तो त्याचाच आहे. भावाने सांभाळलं म्हणून तो भावाचा होत नाही. आई-वडिलांना आपल्यानंतरची सोय करायची असेल तर हयातीत हिबा, किंवा वसीयत, याबद्दल वकील आणि आलिम दोघांशी बोला. सुन्नी फिकहप्रमाणे वसीयत एक तृतीयांशापर्यंतच असते आणि ती वारसाच्या नावे असेल तर इतर वारसांची संमती लागते, हे ध्यानात ठेवा. बाकीच्या भावंडांना समोर बसवून कारण सांगा, म्हणजे नंतर कुरबुर होत नाही.

"निकाह लावून द्या, आपोआप सुधारेल," हा सल्लाही सर्रास दिला जातो. निकाहने ऑटिझम जात नाही. ऑटिझम असलेली अनेक माणसं संसार करतात, हेही खरं. पण निकाह म्हणजे काय, हे त्या मुलाला किंवा मुलीला कळतं का, आणि त्यांना तो हवा आहे का, हे आधी बघायला हवं. समोरच्या घराला न सांगता रिश्ता करणं हा धोका आहे, आणि तो एका वेळी दोन जिवांना दिला जातो. "कबूल है" हा शब्द तरी दुसऱ्या कुणी तोंडात घालू नये.

या महिन्यात काय करता येईल?

प्रमाणपत्र नसेल तर ते काढायला घ्या. मूल १७ वर्षांचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समितीची चौकशी आत्ताच करा. वही सुरू करा. "नको" चं कार्ड बनवा. आपल्यानंतर मुलाच्या वतीने कोण बोलणार, त्या भाऊ, बहीण किंवा चाचाला आठवड्यातून एक तास मुलासोबत बसवा, म्हणजे तेही त्याच्या खुणा शिकतील.

मशिदीच्या जिम्मेदारांनाही एक विनंती. जुम्याच्या गर्दीत एखादं मूल मोठ्याने आवाज करत असेल तर मागे वळून डोळे वटारू नका. त्याच्या वडिलांना दारापाशी, पंख्याच्या आणि लाउडस्पीकरच्या आवाजापासून दूर एक जागा राखून द्या. आणि भेटल्यावर सलाम आधी त्या मुलाला करा, मग त्याच्या अब्बांना. जवाब आला नाही तरी पुढच्या जुम्याला पुन्हा करा.